अन्ननलिकेचे स्नायू आणि ॲसिड रिफ्लक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येणं, करपट ढेकर, रात्री ठसका लागून जाग येणं. या तक्रारी असलेला जवळपास प्रत्येक जण आधी विचारतो, ॲसिड कमी कसं करू? ते वर का येतंय आणि वर आल्यावर परत खाली का जात नाही, हे फारसं कुणी विचारत नाही. रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं ॲसिड किंवा अन्न उलट अन्ननलिकेत येणं, समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी, आणि त्याची उत्तरं मुख्यतः स्नायूंकडे आहेत. म्हणून गोळ्या आणि पथ्यं इथे नंतर येतात.

मला रिफ्लक्स आहे. म्हणजे माझ्या जठरात ॲसिड जास्त तयार होतं का?

बहुधा नाही. रिफ्लक्सच्या बहुतेक रुग्णांच्या जठरात ॲसिड इतरांइतकंच तयार होतं. जठराच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्मा आणि बायकार्बोनेट यांचा थर असतो, त्यामुळे जठराला ते सोसतं. अन्ननलिकेच्या अस्तराला इतकं संरक्षण नसतं. तेच ॲसिड चुकीच्या जागी पोचलं आणि तिथे रेंगाळलं की त्रास सुरू होतो.

जेवणानंतर थोडं ॲसिड वर येणं निरोगी माणसातही रोज घडतं, आपल्याला ते कळतही नाही. २००६ साली ठरलेल्या मॉन्ट्रियल व्याख्येनुसार, जठरातलं वर आल्यामुळे त्रासदायक लक्षणं किंवा गुंतागुंत होऊ लागली, तर तो आजार. नुसतं वर येणं म्हणजे आजार नव्हे.

अन्ननलिका म्हणजे घास खाली घसरण्याची नळीच ना? तिथे स्नायूंचं काय काम?

घास घसरत नाही, ढकलला जातो. डोकं खाली आणि पाय वर केले तरी माणूस गिळू शकतो, यावरून अन्ननलिकेची ताकद लक्षात येईल.

ही नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. वरच्या भागातला स्नायू रचनेने हातापायांच्या स्नायूंसारखा रेखांकित असतो, तरी तो आपल्या हुकमावर चालत नाही. मधल्या पट्ट्यात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात आणि खालचा मोठा भाग पूर्णपणे गुळगुळीत स्नायूचा असतो. भिंतीत आतला थर गोल वेढ्यांचा, बाहेरचा उभ्या तंतूंचा, आणि दोन्हींच्या मध्ये चेतातंतूंचं जाळं. गिळलं की आकुंचनाची एक लाट वरून निघते, सेकंदाला ३ ते ४ सेंटिमीटर वेगाने सरकते आणि ८ ते १० सेकंदांत तळाशी पोचते.

या लाटेत एक बारकावा आहे. घासाच्या मागचा भाग आवळण्याआधी पुढचा भाग सैल व्हावा लागतो. आवळण्याचा निरोप मुख्यतः ॲसिटिलकोलीन देतं, सैल होण्याचा नायट्रिक ऑक्साइड. गिळण्याचे बरेचसे विकार या दोन निरोपांचा तोल किंवा वेळ चुकल्याने होतात. पुढचं सैल झालं नाही तर घास अडकतो, मागचं नीट आवळलं नाही तर तो मागे राहतो.

खालची झडप कमजोर झाली असं सांगितलं. ही झडप नेमकी कशी असते?

तिथे पडद्यासारखी उघडझाप करणारी झडप नसते. अन्ननलिकेच्या तळाशी ३ ते ४ सेंटिमीटरचा स्नायूचा पट्टा सतत आवळलेला असतो. एरवी त्याचा दाब साधारण १० ते ३० मिमी पारा असतो. त्याच जागी बाहेरून श्वासपटलाच्या स्नायूचा वेढा पडतो. आतला स्नायू आणि बाहेरचा वेढा एकाच पातळीवर असले की दोघांची ताकद मिळून दार बंद राहतं. खोकला आला, वाकलो किंवा जड वस्तू उचलली की पोटातला दाब एकदम वाढतो. त्या क्षणी बाहेरचा वेढा घट्ट होऊन सांभाळून घेतो.

हायाटस हर्नियात जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकतो आणि ही जोडी फुटते. आतला स्नायू वर, वेढा खाली. मधल्या कप्प्यात ॲसिड साठतं आणि पुढच्या आवंढ्याला स्नायू सैल झाला की ते वर जातं. मोठा हर्निया असलेल्यांना वाकताना किंवा आडवं पडताना जास्त त्रास होतो, त्यामागे हे कारण असतं. लहान हर्निया मात्र अनेकांना असतो आणि काहींना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. रिपोर्टमध्ये तो शब्द दिसला म्हणून घाबरू नका.

माझ्या झडपेचा दाब नॉर्मल आहे, तरी ॲसिड वर येतं. हे कसं?

निरोगी माणसात आणि सौम्य आजारात रिफ्लक्सचे बहुतेक प्रसंग असेच घडतात. झडप मुळात सैल नसते. काहीही गिळलेलं नसताना ती मधूनच आपली आपण सैल होते, आणि १० सेकंदांहून जास्त वेळ तशीच राहते. त्या वेळी श्वासपटलाचा वेढाही सैल पडतो.

याला कारण आहे. अन्नाने किंवा हवेने जठराचा वरचा भाग ताणला गेला की व्हेगस चेतेमार्फत मेंदूच्या तळाशी निरोप जातो आणि तिथून झडप उघडण्याचा आदेश येतो. ढेकर यावा म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. ती नसती तर पोटातली हवा तोंडावाटे बाहेर पडायला वाटच उरली नसती. हवेबरोबर ॲसिडही वर आलं की तो रिफ्लक्स. तडस लागेपर्यंत जेवलं की त्रास का वाढतो, हे यातून कळेल. त्या दिवशी ॲसिड जास्त झालं असं म्हणण्यापेक्षा जठर जास्त ताणलं गेलं, असं म्हणणं खरं.

आणखी एक गोष्ट. जेवणानंतर ताज्या ॲसिडचा एक थर अन्नाच्या वर, थेट झडपेच्या खाली जमतो. बाकीचं ॲसिड अन्नात मिसळून सौम्य होतं, हा थर होत नाही. दार उघडलं की पहिल्यांदा तोच वर येतो. अल्जिनेट असलेली पातळ औषधं जेवणानंतर घ्यायला सांगतात, कारण ती याच जागी तरंगणारा थर तयार करतात.

ॲसिड वर आल्यावर अन्ननलिका काय करते?

माझ्या मते या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. ॲसिड किती वेळा वर आलं, यापेक्षा ते किती वेळ तिथे राहिलं याने नुकसान ठरतं.

सफाई दोन टप्प्यांत होते. ॲसिडने भिंत ताणली गेली की न गिळताच आकुंचनाची एक लाट निघते आणि जवळजवळ सगळं द्रव खाली लोटते. भिंतीला चिकटलेला पातळ थर उरतो, तो आवंढ्याबरोबर येणारी लाळ निष्प्रभ करते, कारण लाळेत बायकार्बोनेट असतं. म्हणजे लाट चांगली हवी, लाळ हवी आणि गिळणंही चालू हवं.

झोपेत या तिन्हींवर संक्रांत येते. लाळ जवळजवळ थांबते, आवंढा क्वचित गिळला जातो आणि आडवं असल्यामुळे गुरुत्वाकर्षणाची मदत नसते. दिवसा मिनिटभरात धुऊन निघणारं ॲसिड रात्री बराच वेळ तसंच राहतं. म्हणून रात्रीचा रिफ्लक्स संख्येने कमी असला तरी जास्त इजा करतो. झोपायच्या ३ तास आधी जेवण आटोपणं, पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करणं आणि डाव्या कुशीवर झोपणं हे उपाय साधे दिसतात, पण नेमके इथेच काम करतात. डाव्या कुशीवर अन्ननलिकेचं तोंड जठरातल्या द्रवाच्या वर राहतं, उजव्या कुशीवर ते खाली येतं. नुसत्या दोन उशा घेऊ नका. त्याने कमरेत वाकणं होतं आणि पोटावर दाब वाढतो.

गोळी घेतल्यावर जळजळ थांबली, पण पाणी आणि अन्न घशाशी येणं चालूच आहे. गोळी चुकीची आहे का?

गोळी तिचं काम करते आहे. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल ही पीपीआय गटातली औषधं ॲसिड तयार करणारे पंप बंद करतात. झडपेवर आणि लाटेवर त्यांचा काही परिणाम होत नाही. वर येणं चालूच राहतं, फक्त जे येतं त्याचा आंबटपणा कमी होतो. म्हणून जळजळ लवकर शमते आणि घशाशी येणं तसंच राहतं. अशा वेळी नुसता डोस वाढवत नेणं मला पटत नाही. झडपेची, हर्नियाची आणि लाटेची तपासणी करायची ती वेळ असते.

ॲसिडमुळे स्नायू कमजोर होतात, की स्नायू कमजोर असल्यामुळे ॲसिड साचतं?

दोन्ही घडतं, आणि एका रुग्णात आधी काय झालं हे सांगणं अनेकदा शक्य नसतं. लाटा कमजोर असल्या की सफाई लांबते, ॲसिड रेंगाळतं आणि दाह होतो. दाह जुना झाला की भिंत कडक होते आणि लाटा आणखी मंदावतात. तीव्र दाह असलेल्यांमध्ये कमजोर लाटा जास्त प्रमाणात आढळतात. दाह भरून आला म्हणून लाटा पूर्ववत होतीलच असं नाही. पुष्कळांमध्ये त्या तशाच राहतात.

मॅनोमेट्री म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजण्याची तपासणी. तिच्या रिपोर्टमध्ये ‘इनइफेक्टिव्ह इसोफेजिअल मोटिलिटी’ (लाटा पुरेशा प्रभावी नसणं) असं लिहिलेलं पाहून लोक हादरतात. मॅनोमेट्रीचे निष्कर्ष ठरवण्यासाठी वापरतात त्या शिकागो वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे ७० टक्क्यांहून जास्त आवंढ्यांची लाट निष्प्रभ निघाली, किंवा निम्म्या अथवा त्याहून जास्त आवंढ्यांना लाटच आली नाही, तर हे नाव देतात. यातल्या अनेकांना गिळायला काहीही त्रास नसतो. हा निष्कर्ष लक्षणांच्या जोडीनेच वाचायचा असतो.

मॅनोमेट्रीची भीती वाटते. त्यात काय करतात?

भीती वाटणं साहजिक आहे, म्हणून सविस्तर सांगते. काही तास उपाशी राहून जायचं. नाकपुडीत बधिर करणारं जेल लावतात आणि पातळ, लवचिक नळी नाकातून घशात सरकवतात. सर्वांत अवघड क्षण तोच, नळी घशाच्या मागे टेकते तेव्हाचा. उमासा येतो, डोळ्यांत पाणी येतं. त्या वेळी हनुवटी छातीकडे घेऊन पाण्याचे छोटे घोट घेत राहिलं की गिळण्याबरोबर नळी खाली जाते. पुढची काही मिनिटं शांतपणे श्वास घेतला की ती सहन होऊ लागते. भूल देत नाहीत, कारण आवंढा तुम्हीच गिळायचा असतो.

नळीवर सेंटिमीटर-सेंटिमीटरवर दाब मोजणारे सेन्सर असतात. आडवं झोपवून ५ मिलीचा एकेक घोट देतात, असे १० घोट. दोन घोटांच्या मध्ये आवंढा गिळायचा नाही, आणि नेमका तेव्हाच तो गिळावासा वाटतो! पडद्यावर दाब रंगांत दिसतो: निळा म्हणजे कमी, लाल म्हणजे जास्त. निरोगी आवंढ्यात घशाजवळच्या वरच्या झडपेचा आडवा पट्टा क्षणभर निळा होतो, तिथून एक तिरपी रंगीत पट्टी खाली उतरते आणि त्याच वेळी खालच्या झडपेचा पट्टा फिका पडलेला दिसतो. दाबाचं हे रंगीत चित्रण रे क्लाऊज यांच्या कामातून १९९०च्या दशकात पुढे आलं. त्याआधी नागमोडी रेषांचे आलेख वाचावे लागत.

मग २ मिलीचे पाच घोट भरभर गिळायला सांगतात. प्रत्येक नवा आवंढा आधीची लाट थांबवतो, म्हणून घोट चालू असताना अन्ननलिका शांत राहायला हवी आणि शेवटच्या घोटानंतर एक जोरदार लाट यायला हवी. एरवीच्या लाटा कमजोर असूनही ही शेवटची लाट जोरात आली, तर स्नायूंत राखीव ताकद आहे असं धरतात. ऑपरेशनचा विचार असेल तेव्हा या माहितीचा उपयोग होतो.

एंडोस्कोपी नॉर्मल आली. मग मला रिफ्लक्स नाही का?

असू शकतो. रिफ्लक्सची लक्षणं असलेल्या बऱ्याच जणांच्या अन्ननलिकेवर एकही ओरखडा दिसत नाही. एंडोस्कोपीत दाह, अरुंदपणा, बॅरेट (ॲसिडमुळे बदललेलं अस्तर) असे परिणाम दिसतात. हालचालीचं माप मिळत नाही. निदानाबद्दल शंका असेल तर पीएच तपासणी करतात. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड तीव्र. झडपेच्या ५ सेंटिमीटर वर सेन्सर ठेवून २४ तास नोंद घेतात, किंवा भिंतीला बिनवायरची छोटी कॅप्सूल लावून ४ दिवसांपर्यंत. पीएच ४ पेक्षा खाली असण्याचा वेळ एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून जास्त असेल तर रिफ्लक्स नक्की, ४ टक्क्यांहून कमी असेल तर नॉर्मल. मधल्यांसाठी इतर पुरावे बघावे लागतात.

काहींचं ॲसिड मोजमापात नॉर्मल असतं, पण अन्ननलिकेच्या चेता अतिसंवेदनशील असतात. त्यांचा त्रास खराच असतो. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे त्यांना ऐकावं लागतं याचं मला वाईट वाटतं. ॲसिड कमी करून त्यांचा प्रश्न सुटत नाही. चेतांची संवेदना कमी करणारी औषधं आणि श्वसनाचे किंवा वर्तनाचे उपचार यांनी अनेकांना फरक पडतो.

घास अडकतो. हेही ॲसिडमुळेच का?

घास अडकणं हे धोक्याचं लक्षण समजा आणि तपासणी लांबणीवर टाकू नका. जुन्या दाहाने आलेला अरुंदपणा, इओसिनोफिलिक दाह (ॲलर्जीशी संबंधित सूज), गाठ किंवा स्नायूंचा विकार, यांपैकी काहीही असू शकतं.

अ‍ॅकालेशिया या विकाराचा इथे मुद्दाम उल्लेख करते, कारण तो पुष्कळदा रिफ्लक्स समजून वर्षानुवर्षं गोळ्यांवर काढला जातो. त्यात झडप सैल करणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात. गिळल्यावर झडप उघडत नाही आणि लाटाही नाहीशा होतात. अन्न तिथेच साचतं, आंबतं, छातीत जळजळ होते आणि झोपेत उशीवर येतं. घन पदार्थांबरोबर पाणीही अडकत असेल तर आधी स्नायूंच्या विकाराची शंका घ्यावी. थॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये अशा एका रुग्णाचं वर्णन केलं होतं. व्हेलच्या हाडाला स्पंज बांधून तो रुग्ण घास खाली ढकलत असे. आज फुग्याने झडप रुंद करतात, किंवा तिचा स्नायू शस्त्रक्रियेने वा एंडोस्कोपीतून कापतात. एंडोस्कोपीतून कापण्याची पोएम ही पद्धत जपानचे हारुहिरो इनोउए यांनी विकसित केली. झडप कापल्यावर रिफ्लक्स होण्याची शक्यता वाढते, हे मात्र आधीच समजून घ्या.

छातीत दुखतं तेव्हा ते ॲसिड की हृदय, हे कसं ओळखायचं?

घरी ओळखायला जाऊ नका. अन्ननलिका आणि हृदय यांच्या वेदना इतक्या सारख्या असतात की अनुभवी डॉक्टरही ईसीजीशिवाय खात्री देत नाहीत. हृदयाच्या दुखण्यावर देतात त्या नायट्रेटच्या गोळीने बरं वाटलं यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण ती अन्ननलिकेचा स्नायूही सैल करते. छातीत दाबल्यासारखं वाटणं, घाम, धाप, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर थेट रुग्णालय. हृदय ठीक आहे हे कळल्यावरच अन्ननलिकेकडे वळायचं.

पीपीआय कशी घ्यायची? वर्षानुवर्षं घेतली तर चालते का?

जेवणाच्या ३० ते ६० मिनिटं आधी. ही औषधं चालू पंपांनाच बंद करतात आणि पंप चालू होतात जेवणाने. जेवणानंतर किंवा झोपताना घेतली तर निम्मं काम वाया जातं. गोळीचा उपयोग होत नाही म्हणणाऱ्यांना मी पहिला प्रश्न वेळेचाच विचारते.

दुष्परिणामांबद्दल बरंच उलटसुलट वाचायला मिळतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १७,५९८ जणांना पँटोप्राझोल किंवा बिनऔषधी गोळी देऊन साधारण ३ वर्षं पाहिलं. पँटोप्राझोल घेणाऱ्यांत आतड्यांचे संसर्ग तेवढे थोडे जास्त आढळले. तरीही गरज नसताना घेत राहू नये. बरेच महिने घेऊन एकदम थांबवली तर काही आठवडे ॲसिड उसळी मारतं आणि आजार उलटला असं वाटतं. हळूहळू कमी करणं बरं. तीव्र दाह किंवा बॅरेट असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवूच नये.

झडप घट्ट करणारी किंवा लाटा वाढवणारी गोळी नाही का?

मनासारखी नाही. मेटोक्लोप्रमाइड, डॉमपेरिडोन ही औषधं मुख्यतः जठर लवकर रिकामं करायला मदत करतात. अन्ननलिकेच्या लाटांवर त्यांचा भरवशाचा परिणाम दिसत नाही, आणि दुष्परिणाम दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. बॅक्लोफेन झडपेचं अवेळी उघडणं कमी करतं, पण गुंगी येते, म्हणून निवडक रुग्णांनाच देतात.

उलट बाजूने विचार करा: झडप सैल करणारं काही तुम्ही घेत नाही ना? रक्तदाबाची कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर गटातली काही औषधं, नायट्रेट, थिओफिलिन, तंबाखू, दारू. अफूजन्य वेदनाशामकं दीर्घकाळ घेतली तर अन्ननलिकेच्या हालचाली बिघडतात. औषधं स्वतःहून बंद करू नका, पण यादी डॉक्टरांना दाखवा.

व्यायामाने झडप बळकट होते का?

आतला स्नायू आपल्या हाती नाही. बाहेरचा वेढा मात्र श्वासपटलाचा आहे आणि श्वासपटल सरावाने सुधारतं. पोटाने सावकाश श्वास घेण्याचा सराव, विशेषतः जेवणानंतर, काहींना उपयोगी पडतो; सारखे ढेकर येणाऱ्यांना तर जास्तच. वजन जास्त असेल तर ते कमी करण्याइतका परिणामकारक घरगुती उपाय दुसरा नाही, कारण पोटाच्या घेरामुळे जठरावर अहोरात्र दाब राहतो.

खाण्यात काय टाळू?

सगळ्यांना लागू पडेल अशी यादी मी देत नाही. तेलकट-तुपकट जेवणाने जठर उशिरा रिकामं होतं. कॉफी, चॉकलेट, पुदिना, फसफसणारी पेयं काहींना बाधतात, काहींना बाधत नाहीत. स्वतःच्या बाबतीत पडताळून पाहा आणि जे बाधतं तेवढंच सोडा. जेवणाचं प्रमाण आणि वेळ पदार्थाइतकीच महत्त्वाची.

गरोदरपणात आणि बाळांमध्ये?

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे झडप सैल होते आणि पुढे गर्भाशयाचा दाबही वाढतो. बाळंतपणानंतर बहुतेकींचा त्रास जातो. तान्ह्या बाळांचं दूध वर येणं सर्रास दिसतं आणि बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात थांबतं. बाळाचं वजन वाढत असेल, ते हसतखेळत असेल तर काळजी नको. वजन वाढत नसेल, उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त दिसलं तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

ऑपरेशन कुणी करावं?

ज्यांचा रिफ्लक्स तपासणीत सिद्ध झाला आहे आणि ज्यांना गोळ्या पुरत नाहीत किंवा आयुष्यभर नको आहेत त्यांनी, विशेषतः हर्निया असेल आणि घशाशी येणं ही मुख्य तक्रार असेल तर. रुडॉल्फ निसेन यांनी १९५५ मध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण गुंडाळण्याची शस्त्रक्रिया केली. आज ती दुर्बिणीतून होते. अर्धवट गुंडाळणीही करतात. तिच्यात घास अडकण्याचा आणि ढेकर न येण्याचा त्रास कमी होतो, म्हणून लाटा कमजोर असतील तर अनेक सर्जन ती निवडतात. २०११च्या एका चाचणीत ५ वर्षांनी इसोमेप्राझोलवरचे ९२ टक्के आणि शस्त्रक्रिया झालेले ८५ टक्के रुग्ण आटोक्यात होते. दोन्ही मार्ग चांगले आहेत.

ऑपरेशनआधी मॅनोमेट्री करून घ्याच, याबद्दल मी आग्रही आहे. न ओळखलेल्या अ‍ॅकालेशियात किंवा स्क्लेरोडर्मा या त्वचा आणि आतले अवयव कडक करणाऱ्या आजारामुळे लाटा पूर्ण थांबलेल्या अन्ननलिकेवर घट्ट गुंडाळणी केली, तर घास उतरणंच बंद होऊ शकतं.

याचा कॅन्सर होतो का?

फार थोड्यांना. वर्षानुवर्षं ॲसिड लागत राहिल्याने काहींच्या अन्ननलिकेचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात. पेशींमध्ये बिघाड नसलेल्या बॅरेटपैकी कॅन्सरकडे जाणाऱ्यांचं प्रमाण वर्षाला एक टक्क्याहून बरंच कमी आहे. जुना रिफ्लक्स, पन्नाशी ओलांडलेलं वय, पुरुष, पोटाचा मोठा घेर, धूम्रपान किंवा घरात अन्ननलिकेच्या कॅन्सरचा इतिहास, यांपैकी बऱ्याच गोष्टी जुळत असतील तर एकदा एंडोस्कोपी करून घ्या. आणि घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, काळी शी किंवा रक्तातलं लोह कमी होणं यातलं काहीही असेल, तर वय कितीही असो, गोळी बदलून पाहत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली असेल तर त्याच दिवशी.